पाचवा सेल

अकरा हजारांच्या खांबावर एकतीस वर्षं चढलो,
कमरेला दोर, झोल्यात पकड,
आणि चार पेन्सिल सेलांनी माझं हसं केलं
बंद जिनिंगच्या आवारात, मे महिन्यात.

गाडी हातभर. पोटात खरं इंजिन,
लिंबाएवढं,
एरंडेलाचा वास सोडत निळा धूर ओकणारं.
लहानपणी तो वास आला की मी न्हाणीमागं लपायचो.
ट्रिगर सोडला तरी ती सुटलीच,
गंजलेला धरमकाटा ओलांडून
गंफाडे चौकीदाराच्या रांजणावर.
"कंट्रोल कुठी गेला तुमचा, लायनमन सायेब?"
पाणी वाहत राहिलं.
मी रुमालानं सायलेन्सरचं तोंड दाबून बसलो
ती मरेस्तोवर.

घरी मीटर लावला.
सहा व्होल्ट. छान.
चाकं वळवली, ब्रेक दाबला,
काटा चारच्याही खाली.
स्प्रिंगा सैल, सेल दमलेले.
दोन मोटरी एकदम मागायला लागल्या
की रिसीव्हर झोपतो.
लो व्होल्टेज, दुसरं काय.
पंप एकदम सुरू करू नका रे बाप्पा,
हे मीच गावोगाव सांगत फिरलो.

नागपूरहून एस.टी.च्या पार्सलनं पॅक आला.
पाच सेल, खाली तीन, वर दोन,
उतरंडीसारखे रचलेले, एकमेकांना डागलेले.
पहिली चार्जिंग चौदा तास, हळू.
त्यात लाईन तीनदा गेली.
ऑफिसला फोन केला, "कधी येते?"
पोरगा म्हणाला, "येते ना काका."
हेच उत्तर मी द्यायचो.

दोन्हीकडच्या पिना जुळेनात.
डागणी तापवली. लाल लालला, काळी काळीला.
वरची नळी आधी सरकवायची विसरलो,
पुन्हा तोडलं, पुन्हा डागलं.
रांजणाचे पैसे मागायला आलेली
गंफाड्याची नात समीक्षा, सातवीतली,
थांबूनच गेली.
"काळी तार बाहेरच्या अंगाला,"
तिनं कागदावरून तीनदा वाचलं.
"उलटी लागली त?"
जळते.
"तुमाले भेव वाटते, काका? सहा व्होल्टचं?"
मी हात पुसले.
हो म्हणालो.

झाकण बसेना. पॅकची पाठ वर आलेली.
जुन्या चपलेचा तळ कापून खाली घातला होता,
तो काढला, अर्धा केला,
मग बसलं, जरा कुरकुरत.

राहिलं कागदावरचं शेवटचं पान, फेलसेफ.
सिग्नल तुटला तर काय करायचं
हे गाडीला आधीच शिकवून ठेवायचं.
बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला.
ब्रेक, असं शिकवलं.
पण तेवढं आठवायला तिच्या पोटात
जीव शिल्लक पाहिजे. म्हणून तर पाच.

गाडी विटेवर ठेवली, चाकं अधांतरी,
आणि रिमोट मुद्दाम बंद केला.
खट्.
छोटा पांढरा हात जाऊन ब्रेकवर बसला.

परमिट आमच्या खिशात असताना
कोणीतरी खालून स्विच टाकला होता.
किसन आत्राम वरच होता.

समीक्षाला हे सांगितलं नाही.
तिला म्हटलं, आता तू कर.
खट्.
चालू. बंद. खट्.
चालू. बंद.
"बॅटरी उतरन ना, काका."
उतरू दे.

संध्याकाळी जिनिंगवर गेलो
तर ग्लो प्लग तापवायचा सेलच मेलेला.
दोरी ओढून ओढून खांदा भरून आला,
इंजिन शिंकलंसुद्धा नाही.
गंफाडे हसला.
नवा रांजण त्यानं तरी
छपरीच्या आत, खाटेमागं
ओढून ठेवला होता.