एक मीटर चौकोन

चौकोन माझ्याकडे असायचा.
वायरिंगचे चार पांढरे पाईप, कोपऱ्यांना एल्बो,
आत सुतळी ओवून शंभर घरं.
ठोसेघरच्या एसटीत कंडक्टर दर वेळी विचारायचा,
कॅरम का काय हो?

मी प्रयोगशाळेचा शिपाई. बाई वनस्पतिशास्त्राच्या.
पहिल्याच दिवशी सड्यावर उभ्या राहून म्हणाल्या,
शेडगे, हे सगळं एकदा वाहत होतं.
मी चपलेखाली बघितलं.
साडेसहा कोटी वर्षं झाली, म्हणाल्या,
काहिलीतून उतू जावं तसं, थरावर थर,
पार समुद्रापर्यंत.

काहील म्हटल्यावर मला कळलं.
आमच्या गुऱ्हाळावर एकदा कलंडली होती.
ती जागा अजून पायाला चिकटते.

आषाढात पवनचक्क्यांची नुसती घरघर.
पाती धुक्यात, खांब धुक्यात,
बाई चार हातांवर, त्याही धुक्यात.
तिथून आकडे यायचे
आणि मी ओल्या वहीवर पेन्सिल दाबायचो.
कोंब. कोंब. शेवाळ. बेडकी एक.
बेडकी लिहू नका, शेडगे.
मी लिहून झालो होतो.

भादव्यात कासला तिकीट लागतं, तारेबाहेर गाड्यांची रांग.
आमच्या सड्यावर आम्ही दोघं आणि धाकलू आखाडेच्या अकरा म्हशी.
एका घरात एकोणीस सीतेची आसवं,
शेजारच्या घरात तीन गेंद, दवबिंदू एक,
त्याच्या पानाला चिकटलेलं चिलट
अजून एक पाय हलवत होतं.
जिवंत धरायचं का मेलेलं, मी विचारलं.
बाई गुडघ्यांवर, पदराला चिखल,
दगडातल्या एका खळगीत बोट घालून बसलेल्या.
हा बुडबुडा, म्हणाल्या. रस थंड होताना अडकलेला.
त्यात चमचाभर पाणी
आणि पाण्यात आभाळ, बाईंच्या नखाएवढं.
डबक्यात वायतुरा
दोन बोटं वर करून उभा,
बाई, जाऊ का, म्हणणाऱ्या पोरासारखा.

धाकलू म्हणाला, तिकडं समिंदर हाय.
मार्गशीर्षात हवा निवळली की
दिवस मावळताना एक रेघ दिसती.
आज्यानं दावलीवती मला, खांद्यावर घिऊन.

मार्गशीर्षात गेलो. कड्यावर बसलो तिघं.
खाली कोकण, निळ्यावर निळं, मग धुरकट.
बाईंनी दोनदा चष्मा पुसला.
दिसली, म्हणाल्या.
मला नाही दिसली. मी हो म्हणालो.

माघात गवत जळून गेलेलं.
कुणाची बिडी, कुणाचा खोडसाळपणा.
चौकोन टेकवला तर सुतळीची सात घरं चुरचुरत गेली,
एक पाईप वाकला.
राखेत काय मोजायचं, मी म्हणालो.
राख मोजा, बाई म्हणाल्या. इथल्या दगडाला काय नवी आहे आग?
आणि उठताना पहिल्यांदाच
त्यांनी माझा हात मागितला.

चैत्रात त्या नव्हत्या. मिरजेला गुडघ्याचं ऑपरेशन.
फोनवर एवढंच, जाऊन या. मोजा.
जांभा तापून तवा झालेला.
जळाली ती घरं धरून शंभर घरं,
शंभर शून्यं काढली मी, सावकाश, गोल,
एकही घाईत नाही.

धाकलू बघत होता.
मग सुकल्या डबक्याशी गेला, काठीनं चिखलाची खपली उचलली
आणि बोराएवढा एक कंद हातावर ठेवला.
वायतुरा. आमची पोरं भाजून खात्यात.
परत ठेवला. टाचेनं दाबला.

मी माप घेतलं.
चौकोनाच्या बाहेर होता. हातभर.

वही घेऊन मिरजेला गेलो.
बाईंनी उशीला टेकून पानं उलटली,
आषाढावर थांबल्या,
बेडकी तशीच राहू दिली.
शून्यांकडे बराच वेळ बघत होत्या.
हातभर बाहेर काय होतं ते मी तोंडी सांगितलं.

प्रोजेक्ट संपलं. वाकडा चौकोन कॉलेजला नको होता.
आता तो धाकलूच्या खुराड्यावर झाकण आहे.
परवा गेलो तर शाबूत घरांमधून
पिल्लं चोची बाहेर काढत होती,
आणि जळाली त्या सात घरांच्या भोकातून
एक कोंबडी
खुशाल जात-येत होती.