वळचणीची उंची

वेल्ह्याच्या पुढे एसटी जिथे दम टाकून मागे वळते,
तिथून तासभर चढ.
नावजी मरगळ्यांनी फितीचं टोक धरायला नातू दिला
आणि स्वतः जोत्यावर बसून राहिले,
पाहुण्या डॉक्टरने आपल्या धडधाकट बैलाची नाडी बघावी
तसं बघत.

भिंत : तळाशी अडीच फूट, माथ्याशी पावणेदोन.
चुना नाही, गिलावा नाही. दगडावर दगड,
फटीत कपची, कपचीच्या फटीत बारकी कपची,
तिच्याही फटीत एका पालीचं बिऱ्हाड.
वायव्येचा कोपरा काही केल्या काटकोनात बसेना.
मी खोडत होते, तर म्हणाले,
"बसायचा न्हाई त्यो. खाली कातळ हाय.
बा म्हनायचा, त्यो आधी आला, आपुन मागनं."

दार : चार फूट दोन इंच.
वळचण : माझ्या कमरेला.
एवढी खाली?
"वारा कोकनातनं वर येतो.
बोट घालाया जागा घावली, तर छप्पार उचलून न्हेतो."

आढं ऐनाचं, वासे जांभळीचे,
कांब्या कारवीच्या, बांधायला घायपाताचा वाख.
सबंध घरात खिळा एकच,
त्यावर पतपेढीचं कॅलेंडर, गेल्या सालचं.
धूर कुठून बाहेर जातो, ते मला दाखवता येईना.
तो जातच नव्हता.
गवतात मुरत होता, वर्षानुवर्षं,
लोणच्यात मीठ मुरावं तसा.

खरं म्हणजे मी त्यांच्या घरासाठी आलेच नव्हते.
पानशेतच्या पाण्याकाठी एका साहेबांना हवीय
दगडी कॉटेज, शाकारलेली,
इंग्लंडच्या खेड्यात पाहिली होती तश्शी.
फोटो त्यांनीच पाठवलेला :
गुबगुबीत छप्पर, खिडक्यांवर भुवईसारखं वळलेलं,
दाराशी गुलाब.

नावजींनी हात धोतराला पुसून फोन घेतला.
मला वाटलं, छान आहे म्हणतील.
"वळचन उंच हाय. म्हंजी वारा गरीब.
पाऊस बारीक, पन रोजचा आसंल, भिंतीला शेवाळ बघा.
ह्ये गवत न्हवं, बोरूवानी हाय कायतरी, पानथळीतलं.
धुराडं हाय, धूर भाईर घालवत्यात.
मंग किडत न्हाई?"
जरा थांबले.
"थंडी आसंल. किडाच गारठत आसंल.
आढ्यावर नक्षी काढलीया,
म्हंजी शाकारनाऱ्याला पोटभर खायाला व्हतं.
आन् गडी डावखुरा हाय. कड कुनीकडनं कापलीया बघा."
मी दोन बोटांनी फोटो मोठा केला.
मला गुलाबच दिसले.

"किती मानसं लागली आस्तील?"
माहीत नव्हतं.
"आम्हास्नी चार लागायची.
दगडू नऱ्ह्याला वॉचमन, भागूची दोन्ही पोरं वारज्यात, शेंट्रिंगवर.
ऱ्हायलो मी. एक मानूस वर बसला,
तर खालनं पेंढी कोन देनार?"

मागच्या भिंतीला सहा पत्रे टेकवून ठेवलेले, निळे, कोरे,
कडेला दुकानदाराचा खडू तसाच.
ते मी नकाशात घेतले नव्हते.
घराचा भाग नाहीत, असं समजून.

निघताना वाकले तरी डोकं लागलंच.
नातू हसला. नावजी हसले नाहीत, विचारत होते,
"त्या डावखुऱ्याला पोरगं हाय का हो?
शिकतंय का हातकाम?"
असेल, म्हटलं मी.
आणि उतरणीला लागल्यावर त्या 'असेल'ची लाज वाटली.

एरंडवण्यात रात्री अकरा. चौथा मजला.
साहेबांचा निरोप :
छप्पर प्लॅस्टिकच्या गवताचं घेऊ, वीस वर्षांची हमी आहे,
फक्त आसपास धूर नको.
मी 'ठीक आहे' लिहिलं.
मग दुसरा कागद ओढला, नावजींच्या घराचा,
वायव्येचा कोपरा वाकडाच राहू दिला
आणि मागच्या भिंतीला टेकवून
एकेक करत काढले
सहा पत्रे.