खालच्या ओळीतली तीन अक्षरं

बोरा सुटला होता. बंदरावरच्या क्रेन बांधून ठेवलेल्या,
म्हणून मला सुट्टी, आणि खिशात घुबड.
कालव्यामागच्या गल्लीत नीवेसचं दुकान.
दार उघडलं तर वारा माझ्याआधी आत.
"लाव ते," म्हणाली, मान वर न करता.

घुबड काचेवर ठेवलं. अथेन्सचं, चांदीचं,
वाटोळ्या डोळ्यांचं, मागे ऑलिव्हची डहाळी.
एका खलाशाकडून घेतलेलं, दोन महिन्यांची शिल्लक मोजून.
तिनं ते वाजवूनही पाहिलं नाही.
नखानं नुसती कड चाचपली,
जशी शिंपीण दुसरीनं शिवलेला झगा चाचपते.
"ही बघ शिवण. साच्यात ओतलंय.
खरं घुबड घणाखाली जन्मतं.
ओतून होते ती घंटा."

हसली नाही. तेच जास्त लागलं.

मग बिस्किटांचा डबा काढला, आत प्लॅस्टरचे ठसे.
"ग्रीक नाणं आपलं गाव चित्रात सांगतं.
एजिनाचं कासव. कॉरिंथचा पंखवाला घोडा.
हे मेटापोंतोचं जवाचं कणीस, कुसळं मोज हवी तर.
आणि रोड्सचा गुलाब,
कारण त्यांच्या भाषेत बेटाचं नाव नि फुलाचं नाव शेजारी शेजारी.
शब्दावरची कोटी चांदीत ठोकणारी माणसं!
चेहरा दिसलाच तर बहुधा देवाचा.
आपलं थोबाड तिथे ठेवायला राजांनी
अलेक्झांडर मरेपर्यंत बहुतेक धीर धरला."

"आणि रोमन?"

"रोमन नाणं बोलतं. फार बोलतं.
एका अंगाला सम्राटाचं डोकं.
पानांची माळ असेल तर साधं,
सूर्याचे काटे असतील तर दुपटीचं,
म्हणजे किंमत दुप्पट. चांदी नाही.
राणी असली की खांद्याखाली चंद्रकोर.
आता उलटव, इथे सुरू होतात थापा.
तराजूवाली बाई, म्हणजे माप चोख आहे.
फांदीवाली, म्हणजे शांतता आहे.
झग्याची कड उचलून, फूल धरून निघालीय ती आशा.
सैन्याचा एकोपा वारंवार दिसायला लागला
की समज, छावणीत मारामाऱ्या चालल्यात."

माझ्या तळहातावर तिनं मूठभर काळपट टिकल्या ओतल्या.
"तीन युरोंना एक. कुठलंही उचल."
मी सगळ्यात पातळ उचललं, का ते ठाऊक नाही.
लिंबानं निघेल का हे हिरवं, विचारलं.
"लिंबू लावलंस तर या दाराशी येऊ नकोस.
ती त्याची कातडी आहे."

दिव्याखाली तिरकं धरलं.
एक शिपाई, त्याचा भाला.
एक घोडा गुडघ्यांवर आलेला,
स्वार मागे वळून हात वर करतोय.
भोवतीची अक्षरं तिनं वाचून दाखवली:
सुखाचे दिवस परत आले.

स्वाराला कोणी विचारलं नसावं.

"खालची ओळ तू वाच. टांकसाळ तिथे असते."
आ.
कू.
मग घासलेलं काहीतरी, बहुधा एस्से.
"दुसरा कारखाना," म्हणाली. "अक्विलेया."

अक्विलेया! तासाभराची बस.
आई जायची तिथल्या शेतांत शतावरी कापायला,
संध्याकाळी बुटांची माती
पायरीवर सुरीनं खरवडायची,
आणि आम्ही ती पाण्यानं गटारात लोटायचो.

तीन युरो ठेवले. घुबड तिथंच टाकून निघालो
तर तिनं हाक मारली.
"हे ने. एक खोटं जवळ असावं.
हात शिकतो त्यानं."

पुलावर धरायला दोर बांधले होते.
समोरून एक पाद्री टोपीच्या मागे धावत गेला.
डाव्या खिशात घुबड, जड.
उजव्यात सुखाचे दिवस, नखाएवढे.
मी डाव्या हातानं दोर धरला.
उजवा खिशातच राहिला,
अंगठा खालच्या ओळीवर.