बद्द

पहाटे साडेतीन. हँगरमध्ये छत्तीस डिग्री,
रात्रपाळी म्हणून एवढंच. दुपारी
पत्र्याला हात लागला तर कातडी तिथंच राहते.

ती मधोमध उभी, पंख इतके लांब
की टोकांनाही चाकं दिलीत.
माझ्या आईच्या लग्नाआधीची.
चालवणारा पोरगा सव्वीसचा.

खिशातून पन्नास दिरहमचं नाणं काढतो
आणि कुशीवरून वाजवत जातो,
टक् टक् टक् टक्
बद्द.
खडूनं गोल.

आजोबा तांबट आळीत घागर अशीच वाजवायचे.
बद्द बोलली की गिऱ्हाइकाला सांगायचे,
मोडीत घाला, बाई, हिला.
इथं मोडीत काही निघत नाही.
डोळे नवे बसले, कान बसले,
आता म्हणे आठच्या आठ इंजिनं.
सांगाडा तेवढा तोच.

आज डाव्या पंखाचं झाकण उघडलं,
आत अक्षरं. कुणीतरी
साध्या शिसपेन्सिलीनं लिहिलेलं: लोरेन, आणि एक तारीख.
ॲल्युमिनियमवर शिसपेन्सिल चालत नाही,
पहिल्याच दिवशी शिकवतात,
शिसं धातू खातं.
साठ वर्षं खात होतं, अगदी वळणावळणानं,
ल ची गाठसुद्धा.

पुस्तकात मर्यादा आहे.
इतकं खोल असेल तर घासा,
त्याहून खोल तर पत्रा बदला.
मी मोजलं. बसत होतं.
घासलं.
वहीत लिहिलं: गंज, काढला.

चहाला रोडेलला म्हण सांगू लागलो,
म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो.
तो म्हणाला, पण ही मरतेय कुठं?
मी बिस्किट बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं.
खरंच, न मेलेल्या म्हातारीवर
काळ किती सोकावत असेल!

पोट भरायला दुसरी माणसं येतात,
आमच्याशी बोलत नाहीत. तेव्हा आम्हाला बाहेर काढतात.

संध्याकाळी वक्र्याच्या खोलीत
भांड्यांच्या फळीवर वाट्या किणकिणल्या.
गेली.
परत येईल तेव्हा हलकी असेल.
कुठं गेली होती ते विचारायचं नसतं,
वाजवून पाहायचं असतं.

पडल्या पडल्या आठवत राहिलो,
महिना मार्चच होता ना?
पुसायच्या आधी
तारीख तरी उतरवून घ्यायची होती.