गच्चीवरचा पत्रा

टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं खांबावर चढलो,
त्यामुळे वाऱ्याशी ओळख जुनी.
निवृत्तीनंतर ठाटीपूरच्या गच्चीवर
टाकीशेजारी पाइप रोवून
तीन वाट्यांचं वायुमापक बसवलं,
पांढऱ्या बशांच्या उतरंडीत तापमापक,
आणि पावसाचं नरसाळं, ज्यात सध्या
फक्त गांधीलमाश्या मोजल्या जातात.

जिन्याखालच्या जुन्या कॉम्प्युटरवर
त्याचं सॉफ्टवेअर. दर अपडेटला काहीतरी रुसायचं.
एकदा प्रिंटर चालू केला तर तापमान बंद पडलं.
वरच्या खोलीतली भाडेकरू गरिमा तोमर, भिंडची,
पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाली,
अंकल, इसको कंटेनर में डाल दो.
अलग डिब्बा. न ये किसी को छेड़े, न कोई इसको.

डब्याचं मला पटलं.
लोणचं लोणच्याच्या बरणीत, रॉकेल रॉकेलच्या कॅनमध्ये,
एवढं घरात कोणालाही कळतं.

पण डबा म्हणजे डबा. त्याला काही दिसेना.
यंत्राची वायर कॉम्प्युटरला नीट लावलेली,
बाहेर चव्वेचाळीस, लू,
आत मात्र लिहून येई: यंत्र सापडत नाही.
मग गरिमाने एका ओळीत वायरीपुरतं भोक पाडलं
आणि तो बोलू लागला,
बहिऱ्याला कानयंत्र मिळावं तसा, जरा मोठ्यानेच.

वेळेचं कुणाच्या लक्षात आलं नाही.
डब्याच्या आत ग्रिनिचचं घड्याळ.
आमचा सूर्य तिथे मध्यरात्रीच्या पाच मिनिटं आधी
उगवायचा, तोही आदल्या तारखेला.
दुपारी साडेतीनला मी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेला
आणि तो लिहितोय: सकाळचे दहा.
शालन म्हणाली, तुमच्यासारखंच आहे,
सगळं बरोबर सांगतं, फक्त साडेपाच तास उशिरा.

ते दुरुस्त झालं.

मग सतरा मेची रात्र.
अकरा चाळीसला किल्ल्याच्या अंगाने आँधी आली.
आधी मातीचा वास, मग दारं, मग वीज गेली.
डबा इन्व्हर्टरवर जागाच होता.
ताशी एक्क्याऐंशी किलोमीटर.
आकडा मी अंधारात मोठ्याने वाचला,
जणू माझीच कमाई.

जूनच्या अकराला नवी आवृत्ती आली.
जुना डबा काढायचा, नवा मांडायचा, दोन मिनिटांचं काम.
काढला. मांडला.
आलेख कोरा.
नोंदी डब्याच्या आतच होत्या. त्या बाहेरच्या फोल्डरात
ठेवायच्या असतात. त्या दुसऱ्या भोकाचं काम
‘नंतर करू’ म्हणून मी कागदावर लिहून ठेवलं होतं.
कागद अजून आहे.

यंत्राच्या पोटात शेवटचे नऊ दिवस होते, ते त्याने ओकले.
चोवीस एप्रिल ते एक जून, गेलं.

गरिमा चाचरत म्हणाली, विमानतळाच्या आकड्यांवरून
अंदाजाने भरता येईल, रेषा सलग दिसेल.
एकोणचाळीस दिवस विमानतळाचं ऊन माझ्या गच्चीवर?
खांबावर मी एकच शिकलो:
तुटलेली तार तुटलेली दिसली पाहिजे,
नाहीतर पुढचा माणूस हात घालतो.

फट तशीच ठेवली.

काल भदौरियाजी आले, आपला पत्रा मागायला.
कूलरवरचा, त्या रात्री उडून आमच्याकडे पडलेला,
पाइपाला असा आपटला की
त्यात पाइपाची गोलाई उतरली आहे.
चहा दिला. म्हटलं, तुमचाच आहे,
पण आठ-दहा दिवस राहू द्या.
त्याचं काय करणार, ते म्हणाले.
मी साखर विचारली.

ते गेल्यावर वर जाऊन पत्र्याच्या कोपऱ्यात
खिळ्याने ओरखडलं:
१७ मे, ११.४०, एक्क्याऐंशी.
आपली वेळ.