जुनी भट्टी

सुलक्षा वेळीप हायर सेकंडरीत रसायन शिकवते.
म्हणाली, रेती सात पाण्यांनी धुऊन आण.
मी म्हटलं, रेती काय तान्हं मूल आहे?
पण धुतली.
सातव्या पाण्यातही थोडं लाल आलं,
ते रेतीचं की माझ्या नखांचं, कळलं नाही.

अकरा वर्षं टिपर चालवला.
खाण ते सावर्ड्याचा धक्का, दिवसाला आठ ट्रिपा,
ताडपत्री कधी बांधलेली, कधी नुसती टाकलेली.
रस्त्याकडेच्या केळी
फक्त रविवारी हिरव्या दिसत.

आमच्या बांयचं पाणी कळशीत नितळ,
चहात काळं.
पांढरे कपडे आम्ही घेणंच सोडलं.

सुलक्षानं लोखंडाचं द्रावण ओतलं,
रेती कालवली लाकडी कालथ्यानं,
म्हणाली, आता भाजायची.
शाळेच्या ओव्हनमध्ये बशीभर मावते.
आम्हाला हवी चार घमेली.

म्हणून ज्योकिम पोदेर.
त्याचे पाव आता डिझेलच्या भट्टीत होतात,
जुनी, बापाच्या हातची, कोंबड्यांना दिलेली.
त्यानं कोंबड्या हाकलल्या, काजूची लाकडं रचली,
पत्रे आत सरकवताना सवयीनं क्रूस केला,
मग स्वतःच हसला:
"हें कोण खातलो?"

सकाळी रेती बाहेर आली.
तोच रंग.
माझ्या कॉलरीचा, आईनं वाळत घातलेल्या सोलांवर बसायचा तो,
खोकल्यातून रुमालावर उतरायचा तो.
मी दोन पावलं मागे सरलो.
सुलक्षा म्हणाली, गुळगुळीत कणाला काही धरता येत नाही,
लेप बसला की त्याला हात फुटतात.
पाण्यातला धातू तो धरून ठेवतो.

पिंपात भरली. खाली खडी, वर ती.
पहिली बादली लालसर उतरली, माडाला घातली.
दुसरी, तिसरी.
पाचव्या बादलीचा चहा रत्नमालेनं केला,
कप उजेडाकडे धरला
आणि काही न बोलता अजून एक कप ओतला.

"किती दिवस चालेल?"
पाच-सहा महिने. मग कण भरून जातात,
पुन्हा धुवायची, पुन्हा लेप, पुन्हा भट्टी.
"म्हणजे थकते."
"भरते," ती म्हणाली. शब्दाला फार जपते.

शेजारच्या सात घरांनी आता पिंपं आणून ठेवलीत.
घमेली डोक्यावर, मी नदी ते भट्टी,
भट्टी ते बांय.
ट्रिपा मोजायची खोड काही जात नाही.
आजची ही तिसरी.