घंटी

फेरो बेटं. क्लाक्सविकची बंदर-कचेरी. दोन टेबलं.
एकावर रोग्वी: त्याचं टर्मिनल
सहा खणांचं, मागे अर्धपारदर्शक डोंगर,
चुका लाल, बोटींची नावं निळी,
दोन अक्षरं टाइप केली की उरलेला शब्द
तेच पुरवतं, आगाऊ भाच्यासारखं.

दुसऱ्यावर सुन्वा. काळा पडदा, पांढरी अक्षरं.
तीस वर्षं तिनं त्यात मासळीची वजनं भरली,
कॉड, हॅडॉक, हेरिंग,
बोटांना सगळं पाठ, नजर खिडकीबाहेर खाडीवर.

नवं सगळ्यांनाच बसवा, वरून हुकूम आला.
मी बसवलं. दुपारपर्यंत ती गप्प होती.
मग म्हणाली, "हे फार बोलतं रे.
आणि बोलायला हवं तेवढंच नेमकं बोलत नाही."

कळायला मला आठवडा लागला.
जुन्यावर आकडा चुकला की घंटी वाजायची, टिंग.
नव्यात कुणीतरी ती गोंगाट म्हणून बंद करून टाकलेली,
त्याऐवजी पडद्याचा उजवा कोपरा हलकेच उजळायचा.
आणि सुन्वाला त्या बाजूचं दिसत नाही,
हे कचेरीत कुणालाच माहीत नव्हतं.

तिला जुनं परत दिलं.
रोग्वीनं खुर्ची वळवली.
मला वाटलं, हसणार.
"माझ्यात घालता येईल ती?" त्यानं विचारलं,
"फक्त घंटी. डोंगर राहू दे."

आता पहाटे, लिलावाआधी,
बाहेर वारा, आत दोन घंट्या.
रोग्वीची जास्त वेळा वाजते.